ॲक्रिलिकची कवळी कोणत्या पद्धतीने बनवली, यावर तिचं बसणं अवलंबून असतं का?

असतं, पण तुम्हाला वाटतंय तितकं नाही. तुम्हाला वरची पूर्ण कवळी करायची आहे, एक दवाखाना साधी हीट-क्युअर (साच्यात दाबून, उष्णतेने घट्ट केलेली) सुचवतोय आणि दुसरा इंजेक्शनची (माल दाबाने साच्यात ढकलून केलेली). मी लॅबमध्ये कवळ्या करतो, तेव्हा लॅबच्या बाजूने सांगतो.

ॲक्रिलिक घट्ट होताना आक्रसतं. नुसतं लिक्विड (मोनोमर) घट्ट झालं तर त्याचं आकारमान सुमारे २१ टक्के घटतं, म्हणून आधीच घट्ट झालेल्या ॲक्रिलिकच्या तीन भाग पावडरमध्ये एक भाग लिक्विड घालतात. तरी ६-७ टक्के आकुंचन राहतंच. पण ते होतं तेव्हा माल मऊ असतो, दाबाखाली सरकून जागा भरतो. खरा घोळ पुढे, थंड होताना होतो. कडक झालेलं ॲक्रिलिक जितकं आक्रसतं तितका आतला स्टोनचा (कडक प्लास्टरचा) तोंडाच्या मापाचा मॉडेल आक्रसत नाही. तो ॲक्रिलिकला धरून ठेवतो आणि ताण आत साठतो. कवळी मॉडेलवरून सुटली की ताणही सुटतो: कडा आत ओढल्या जातात, टाळूचा मागचा मधला भाग उचलला जातो. हवा शिरते ती तिथूनच. मागच्या कडेला पोस्ट डॅम (टाळूवर दाबून बसणारा उंचवटा) देतात त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणून मी पद्धतीइतकंच महत्त्व थंड करण्याला देतो. ७४ अंशांवर आठेक तास सावकाश क्युअर करायचं, मग फ्लास्क (कवळीचा साचा ठेवलेला धातूचा डबा) बाहेर काढून आपोआप निवू द्यायचा. घाईत गरम फ्लास्क उघडला की कवळी वाकलीच म्हणून समजा.

इंजेक्शनमध्ये माल घट्ट होत असताना दाबाखाली आणखी माल आत जात राहतो, त्यामुळे आकुंचन भरून निघतं. शिवाय फ्लास्कच्या दोन भागांमध्ये जादा माल अडकून दातांची उंची वाढण्याचा त्रास कमी. फरक असतो, पण मिलिमीटरच्या अंशांत. कोल्ड-क्युअरला उष्णता कमी लागते, म्हणून ती सुरुवातीला छान बसते. मात्र न जुळलेलं मोनोमर जास्त उरतं आणि ताकद कमी. मी ती दुरुस्तीपुरतीच वापरतो. मिलिंगमध्ये कवळी मशीनने ठोकळ्यातून कोरतात; तो ठोकळा आधीच पूर्ण घट्ट झालेला असतो, आक्रसायचं ते आक्रसून झालेलं, त्यामुळे बसण्यात ती सहसा सरस ठरते. थ्रीडी प्रिंटेड कवळीत थरांची दिशा आणि नंतरचं लाइट-क्युअरिंग (प्रकाशाने घट्ट करणं) यांवर बरंच ठरतं.

तोंडात आल्यावर ॲक्रिलिक पाणी शोषून किंचित फुगतं, थोडी भरपाई तिथे होते. रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात कधीच नको.

माझं मत विचाराल, तर टाळू खोल असेल तर इंजेक्शन किंवा मिलिंग घ्या, कारण अशा टाळूत मागची फट जास्त पडते. टाळू बेताचा असेल आणि माप नीट घेतलेलं असेल, तर साधी हीट-क्युअर पुरते. माप चुकलं असेल तर यातली कोणतीच पद्धत ते सुधारू शकत नाही. पहिल्या दवाखान्याला एवढंच विचारा, की त्यांची लॅब फ्लास्क किती वेळ निवू देते.