गोळी जेवणाआधी की जेवल्यावर?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही फोंड्याजवळ राहतो. बाबा ६७ वर्षांचे, चार वर्षं झाली पार्किन्सन (कंपवात) आहे. सकाळी बरे असतात, पेपर वाचतात, तुळशीला पाणी घालतात, पण दुपारी जेवले की दोन-तीन तास अंग लाकडासारखं होतं, खुर्चीतून उठवत नाही. सिंडोपाची गोळी आम्ही जेवल्यावरच देतो, रिकाम्या पोटी नको म्हणून. आता भावाला कुणीतरी सांगितलंय की स्टेम सेलची इंजेक्शनं घेतली की आजार मुळापासून जातो, खर्च काही लाख, तो एफडी मोडायला निघालाय. डायबेटिसचं औषधही चालतं असं वाचलं. काय खरं मानायचं?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते दुपारचं जेवण. या गोळीतलं मुख्य औषध लेव्होडोपा, आणि ते स्वतःच एक अमिनो ॲसिड आहे. बांगड्याच्या हुमणातलं किंवा डाळीतलं प्रोटीन पचलं की त्याचीही अमिनो ॲसिडं होतात, आणि आतड्यातून रक्तात, मग रक्तातून मेंदूत जायला दोघांना दार एकच. म्हणजे बाबांनी शीत-हुमण खाऊन वर गोळी घेतली की गोळी दाराबाहेर रांगेत उभी! म्हणून साधारणपणे ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास देतात. मळमळत असेल तर सोबत दोन घास पेज किंवा एखादं बिस्कीट चालतं, त्यात प्रोटीन फार नसतं. पण मासे बंद करू नका हं, माणूस सुकून जाईल, हवं तर रात्रीच्या जेवणात घाला. आणि मळमळीसाठी फार्मसीतून मनाने उलटीची गोळी आणू नका, मेटोक्लोप्रमाइडसारख्या गोळ्यांनी पार्किन्सन उलट वाढतो. आठवडाभर एका वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि अंग कधी आखडलं ते लिहा आणि ती वही तुमच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. डोस मात्र स्वतः वाढवू-कमी करू नका, आणि अचानक बंद तर अजिबातच नाही.

आता स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनवता येतात अशा मूळ पेशी. यावर खरं संशोधन चालू आहे आणि मला त्याची मनापासून आशा वाटते. २०२५ मध्ये क्योटोच्या डॉक्टरांनी सात पेशंटवरचे आणि अमेरिका-कॅनडातल्या टीमने बारा पेशंटवरचे निकाल प्रसिद्ध केले. तिथे स्टेम सेलपासून डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) तयार करणाऱ्या पेशी लॅबमध्ये वाढवून ऑपरेशन करून थेट मेंदूत ठराविक जागी सोडल्या, आणि मुख्य तपासणी होती ती हे सुरक्षित आहे का याची. ते बरंचसं सुरक्षित दिसलं, काहींना सुधारणाही झाली, पण एकूण माणसं एकोणीस. तुमच्या भावाला जे विकतायत ते हातातून किंवा पाठीतून द्यायचं इंजेक्शन असेल तर त्याचा याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की रक्ताचे काही आजार वगैरे ठरलेल्या गोष्टी सोडल्या तर स्टेम सेल फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे माणसांवरच्या नियमबद्ध चाचणीतच, वापरायचे. आणि खऱ्या ट्रायलमध्ये तपासायच्या औषधासाठी पेशंटकडून पैसे घेत नाहीत, ती सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असते, संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळतं, कधीही बाहेर पडता येतं आणि ट्रायलमुळे इजा झाली तर भरपाई असते. भावाला सांगा, त्या लोकांकडे सीटीआरआयचा नंबर माग म्हणावं.

डायबेटिसच्या औषधाचं असं झालं की एक्झेनाटाइड या इंजेक्शनने छोट्या ट्रायलमध्ये आशा दाखवली होती, मग ब्रिटनमध्ये १९४ जणांवर ९६ आठवडे तपासलं आणि २०२५ मध्ये निकाल आला, फरक नाही. त्याच्याच जातीच्या लिक्सिसेनाटाइडने फ्रान्समध्ये १५६ जणांत वर्षभरात थोडासा फायदा दाखवला, पण जवळपास निम्म्यांना मळमळ. आजार नक्की थांबवतं असं सिद्ध झालेलं औषध आज एकही नाही, ताई.

चालणं मात्र सोडू देऊ नका. २०१८ मध्ये १२८ जणांवरच्या एका अभ्यासात, ज्यांना अजून गोळ्या सुरू नव्हत्या, त्यांच्यात दम लागेल इतकं जोरात ट्रेडमिलवर चालणाऱ्यांचा आजार सहा महिन्यांत कमी वाढलेला दिसला. बाबांचं हृदय तपासून घ्या, मग सुरू करा. माझ्या आईलाही हाच आजार होता, ती उंबऱ्यापाशी आली की पाय जमिनीला चिकटायचे, कितीही ओढा, हलायची नाही. मग माझा भाऊ चतुर्थीच्या आरतीचा घुमट या वाद्याचा ठेका तोंडाने धरायचा, धुम तक तक, आणि ती त्या ठेक्यावर पाय उचलून पलीकडे जायची. ठेका किंवा जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्या यांनी अडलेला पाय सुटतो, हे फिजिओथेरपीत नीट वापरतात. घरी करून बघा, पण कुणीतरी बाजूला हवंच.

प्रश्न: आईचे हात चहाचा कप उचलताना थरथरतात, मांडीवर ठेवले की थांबतात. हा पार्किन्सन का? (म्हापसा)

उत्तर: बहुतेक नसावा. पार्किन्सनची थरथर हात स्वस्थ असताना जास्त असते, काम करताना थरथरणारा हात बऱ्याचदा इसेन्शिअल ट्रेमरचा, म्हणजे थरथरीच्या एका वेगळ्या आजाराचा. थायरॉईड तपासा, दम्याचं औषध चालू आहे का ते डॉक्टरांना सांगा. चक्करची गोळी वर्षानुवर्षं घेत असतील तर तीही दाखवा, सिनारिझिनसारख्या गोळ्यांनीही असा त्रास होतो.