धाकट्या भावाला फौजेत रासायनिक बचावाचा कोर्स लागला आहे; त्यात नेमके काय शिकवतात?

निपाणीहून आपण विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर, असा सराव केलेला खानापूरचा एक निवृत्त जवान म्हणून देतो. या विषयाचे मोठे प्रशिक्षण पुण्याच्या दापोडीतील सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात होते.

सुरुवात मास्कपासून होते. दाढी गुळगुळीत केलेली हवी, कारण दोन दिवसांचे खुंटही रबर आणि कातडी यांच्यात फट ठेवतात. फिल्टरच्या तोंडावर तळहात दाबून श्वास आत ओढला की मास्क गालांना चिकटला पाहिजे. त्यानंतर कोळशाचा थर असलेला पोशाख घालून चालणे, वजन उचलणे, जखमीला वाहून नेणे असते आणि माझ्या मते खरी कसोटी हीच, कारण आत घामाच्या धारा लागतात आणि काच धुरकटते. वाऱ्याची दिशा पाहून दूषित भाग आखणे, शोधक कागदाने रसायन ओळखणे आणि कातडीवरचा थेंब न चोळता मुलतानी मातीने शोषून घेणे हेही शिकवतात.

हे ज्ञान युद्धापुरते नाही. आपल्या निपाणी-बेळगाव महामार्गावर रसायनांचे टँकर धावतात. टँकरच्या फलकावर 1017 असेल तर क्लोरीन, 1005 असेल तर अमोनिया. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने ते सखल भागात साचते. म्हणून गळती दिसताच ओढ्याकडे न उतरता वाऱ्याच्या दिशेला काटकोनात चालत चढाकडे निघावे.