चित्रांच्या अर्थांवर विनोदी व्हिडिओ करतोयस ना, मग आधी हे वाच

अरे आयडिया भारी आहे, फक्त एकाच व्हिडिओत मोनालिसापासून व्हॅन गॉगपर्यंत सगळे कोंबू नकोस, एकच चित्र धर. डच चित्रकार व्हर्मीरची दूध ओतणारी बाई घे, साधारण १६६० चं चित्र, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यांच्या साइटवरून मोठी इमेज फुकट डाउनलोड होते. झूम केलंस की खाली उजवीकडे जमिनीवर पाय शेकायची पेटी दिसेल आणि तिच्या बाजूला भिंतीच्या टाइलवर छोटासा क्युपिड, म्हणजे प्रेमाचा देव. एवढ्यावरनं जाणकारांनी त्या बाईच्या मनात प्रेम, वासना काय काय शोधलंय, आणि काहींना तीच बाई कष्टाची, सद्गुणांची मूर्ती वाटते! तुझी मजा इथेच आहे.

ठाण्याला नौपाड्यातल्या घरीच ओट्यासमोर कॅमेरा लाव, खिडकी डावीकडे येऊ दे म्हणजे उजेड तसाच पडेल, आईला पातेल्यात दूध ओतायला सांग आणि व्हॉइसओव्हरमध्ये लायटर, मिक्सर, फ्रिजवरचा मॅग्नेट सगळ्यांचे गूढ अर्थ सांगत सुट. आवाज मात्र एकदम गंभीर हवा, स्वतः हसलास की संपलं. शॉट कापायची घाई नको, दूध ओतून होईपर्यंत धरून ठेव, बघणारा आपोआप बारीकसारीक वस्तू शोधायला लागतो.

आणि चेष्टा अर्थ लावणाऱ्यांच्या अतिउत्साहाची कर, चित्राची नको, ते खरंच फार सुंदर आहे, ती दुधाची बारीक धार नीट बघच एकदा. ऑडिओ रात्री उशिरा घे, दिवसा गोखले रोडचे हॉर्न येतात.