पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलरच्या मोटरहोममागे (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेली गाडी) ट्रेलरवर मारुतीची जिम्नी जीप बांधून बेळगावमार्गे गोव्याला न्यायची आहे. इंजिनला झेपेल का? घाटात ट्रेलरचे हूक तुटतात, हे खरं आहे का? आणि कोणत्या घाटानं जावं?

हूक सहसा तुटत नाही. आधी एवढं लिहितो, बाकीचं सावकाश सांगतो.

झेपण्याचं म्हणाल तर तो प्रश्नच सोडून द्या. हंगामात आमच्या निपाणी-संकेश्वर पट्ट्यात येऊन बघा, एकेक ट्रॅक्टर मागं दोन-दोन ट्रॉल्या ऊस घेऊन चाललेला असतो. ओढण्याचं सहसा अडत नाही. मागचं वजन उतारावर सरळ ठेवणं आणि वेळेत थांबवणं, अडतं ते तिथं. पण तुम्ही हुकाचं विचारलंत आणि मला राहवलं नाही, कारण गेली सात-आठ वर्षं आमच्या पाहुण्यांत प्रत्येक लग्नाकार्यात हेच ऐकतोय, "ह्यानं केलेला हूक घाटात तुटला."

माझं बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, शेड, गेट, मिळेल ते काम. आमचं मूळ घर येळ्ळूरचं. आप्पांचं तिथं सुतारमेट होतं आणि ते बैलगाड्या करायचे.

थोरल्या बहिणीचे मालक, म्हणजे आमचे दाजी, निपाणीकडचे. ऊस, तंबाखू, दोन ट्रॅक्टर असं बरं चाललेलं. त्यांनी जुनी ट्रॅव्हलर घेऊन आतून बाजा, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली. सौंदत्तीला, पंढरपूरला घरच्या सगळ्यांना घेऊन जायचं, रात्री गाडीतच झोपायचं, असा बेत. ती लांबलचक गाडी गावातल्या गल्लीत घुसत नाही म्हणून मागं ट्रेलरवर आपली मारुती ८०० न्यायची. ट्रेलर मी केला. दोन चाकांचा, पाटा स्प्रिंगचा, पुढं दांडा, दांड्याला कपलर, म्हणजे बॉल पकडणारी वाटी, आणि ट्रॅव्हलरच्या मागं चासीला बोल्ट मारलेल्या चॅनलवर ५० मिलिमीटरचा बॉल. ह्यालाच सगळे हूक म्हणतात. ब्रेक नव्हता. ती चूक माझी, कारण दाजी नको म्हणाले आणि मी ऐकलं.

२०१८ चा जानेवारी. निपाणीला निघताना गाडी ट्रेलरवर चढवली ती दाजींनी स्वतः, आणि उलटी, म्हणजे तोंड मागं. कारण काय, तर पोचल्यावर रिव्हर्स न घेता सरळ पुढं उतरवता येते. ८०० चं इंजिन पुढं असतं, म्हणजे ते आता ट्रेलरच्या शेपटाला गेलं. त्यावर आणखी मागच्या फळीपाशी पन्नास-पन्नास लिटरचे दोन पाण्याचे कॅन. मी म्हटलं, "दाजी, हे उलार होतंय." ते म्हणाले, "अरे, पुढं वजन टाकलं तर हुकावर लोड येतोय. मागं टाकलं की हूक हलका. साधं गणित हाय. चाळीस वरसं ट्रॅक्टर चालवायलोय मी, मला शिकवायलास व्हय?"

आता उलार म्हणजे काय, ते पुण्यात किती जणांना ठाऊक असेल कुणास ठाऊक. बैलगाडीत मागं जास्त माल भरला की जू वर उचलतं आणि सापती, म्हणजे जुवाचा गळ्याखालचा पट्टा, बैलांच्या गळ्याला आवळते. ती गाडी उलार. पुढं फार भरला तर सगळा भार बैलांच्या मानेवर, ती धुरजड. आप्पा गाडी भरून झाली की धुरा, म्हणजे गाडीचं पुढचं टोक, एका हातानं उचलून बघायचे. सहज उचलला गेला तर दोन पोती मागून पुढं घ्यायला लावायचे. "जरा धुरजड चालंल, उलार नको," हे मी लहानपणापासून ऐकलंय. परदेशातले ट्रेलरवाले हेच आकड्यात सांगतात. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर असावा म्हणतात. युरोपात त्याहून कमी धरतात, पण तिथंही भार खालीच दाबणारा पाहिजे.

दाजींचं चाळीस वर्षांचं ट्रॅक्टर चालवणं खरंच आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण उसाची चार चाकी ट्रॉली पुढच्या फिरत्या ॲक्सलवर स्वतःच उभी असते, तिचा भार हुकावर येतच नाही. ती कशीही भरा, हुकाला कळत नाही. शिवाय ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगानं जातो, त्या वेगाला शेपूट हलत नाही. तोच हिशोब दोन चाकी ट्रेलरला आणि सत्तरच्या वेगाला लावला, तिथं चुकलं.

काकती सोडल्यावर वंटमुरीचा घाट लागतो. बेळगावहून निपाणीकडं जाताना तो उतार. मी दाजींच्या शेजारी बसलो होतो, मागं बहीण आणि दोन पोरं. वेग सत्तर-पंच्याहत्तर. उजवीकडून एक बस जोरात पुढं गेली. ती शेजारी आली तसा वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलरचं शेपूट डावीकडं गेलं, मग उजवीकडं, मग आणखी जोरानं डावीकडं. ट्रॅव्हलरचा मागचा भाग चाकांच्या बराच मागं लोंबतो, त्यामुळं ट्रेलरचा हिसका बसला की सगळी गाडीच वळवळते. स्टिअरिंग हलकं झालेलं मला दाजींच्या हातांवरून दिसत होतं. मी ओरडलो, "ब्रेक मारू नका!" त्यांनी मारला. कुणीही मारला असता. पुढची गाडी थांबायला लागली, मागचं वजन थांबेना, ट्रेलर आडवा आला, कठड्याला घासला आणि कपलर बॉलवरून निघाला. दांड्याखाली फुलीत बांधलेल्या दोन साखळ्यांनी दांडा झेलला, म्हणून ट्रेलर उतारावर मोकळा सुटला नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, त्याच्या ड्रायव्हरनं खाली उतरून आमच्या चाकांना दगड लावून दिले.

पाहुण्यांत गेलं ते एवढंच, की हूक तुटला.

तो बॉल मी दुसऱ्या दिवशी काढून आणला. आजही वर्कशॉपमध्ये ग्राइंडरच्या वरच्या फळीवर आहे. वेल्डिंगला एक चीर नाही, चॅनल वाकलेलं नाही, चारही बोल्ट जसेच्या तसे. आणि बघण्यासारखी गोष्ट पुढं आहे. भार नीट असेल तर कपलर बॉलच्या डोक्यावर बसतो, म्हणजे तिथलं ग्रीस पुसून लोखंड चकचकीत व्हायला पाहिजे. ह्या बॉलच्या डोक्यावर मी सकाळी बोटानं लावलेलं ग्रीस तसंच होतं, बोटाच्या रेषांसकट. घासलाय तो खालून, मानेच्या वर, जिथं कपलरची खालची जीभ अडकते. बेळगाव ते वंटमुरी, सगळा रस्ता दांडा बॉलला वर उचलत होता. शेवटी जीभ वाकली. वीस किलोमीटरसुद्धा झाले नव्हते.

ताई, हे वाचलंस तर दाजींना वाचून दाखव. मला त्यांची माफी नको. पुढच्या वेळी कुणी हुकाचं काढलं तर "आम्ही गाडी उलटी चढवली होती" एवढं त्यांनी म्हणावं.

आता तुमच्या गाडीचं. जिम्नी सुमारे १२०० किलो, ट्रेलर ५०० धरा, झाले १७००. म्हणजे १० टक्क्यांच्या हिशोबानं बॉलवर १७० किलो भार हवा. जिम्नीचं इंजिन पुढं आहे, तर ती तोंड पुढं करूनच चढवा. उतरवताना रिव्हर्स घ्यावा लागला तर घ्या. पण हे १७० किलो ट्रॅव्हलरच्या शेपटावर बसतात हेही लक्षात ठेवा. समजा पुढच्या-मागच्या चाकांत चार मीटर अंतर आहे आणि बॉल मागच्या चाकांच्या दोन मीटर मागं आहे, तर मागच्या ॲक्सलवर २५५ किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे ८५ कमी होतात. आत पाण्याची टाकी, बॅटरी, पलंग हे सगळं आधीच मागं असेल तर टायर आणि पाट्यांची ताकद तिथंच संपते. मोटरहोम करून देणारे हे सांगत नाहीत, त्यांना ट्रेलरशी देणंघेणं नसतं.

भार मोजायला महागाची यंत्रं लागत नाहीत. आमच्याकडं उसामुळं ठिकठिकाणी वजनकाटे आहेत. गाडी चढवलेला ट्रेलर ट्रॅव्हलरपासून सोडवून काट्यावर पूर्ण घ्या, दांड्याचा टेकूही काट्यावरच, आणि वजन लिहा. मग चाकं काट्यावर ठेवून फक्त दांडा काट्याबाहेर त्याच उंचीला टेकवा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दांड्यावरचा भार. पाच-दहा किलोची मागंपुढं चूक धरा. फरक कमी आला तर जिम्नी वीतभर पुढं घ्या आणि परत मोजा.

बॉल आणि कपलर एकाच मापाचे घ्या. दोन इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटर. दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर बसतो, पण खुळखुळतो, आणि दुकानदार "चालतंय" म्हणून देतो. देऊ देऊ नका. पट्टे चार, रॅचेटचे, चाकांवरून बांधा. चासीला आवळले तर स्प्रिंग दबली की ढिले पडतात. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला थांबून परत आवळा. साखळ्या दोन, दांड्याखालून फुलीतच. ट्रेलरला ब्रेक पाहिजेच. युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला तो सक्तीचा आहे, तुमचा १७०० चा आहे. ओव्हररनचा ब्रेक असतो, पुढची गाडी मंद झाली की दांडा आत सरकतो आणि ट्रेलरची चाकं धरतात. मी आता ब्रेकशिवाय ट्रेलर करून देतच नाही, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

शेपूट हललंच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेकला पाय लावू नका. जोरात पळवून सरळ होतो असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. वेग साठच्या आत ठेवला तर ही वेळ बहुतेक येतच नाही. घाट उतरताना सुरुवातीलाच खालचा गिअर टाका, ब्रेक तापल्यावर नव्हे.

रस्त्याचं विचारलंत. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट जवळचा पडतो, पण ट्रेलर घेऊन मी जाणार नाही. वळणावर ट्रेलरची चाकं आतून कापतात, समोरून ट्रक आला तर तुम्हाला रिव्हर्स घ्यावा लागणार, आणि ट्रेलरसकट रिव्हर्स रिकाम्या मैदानात शिकायची गोष्ट आहे. मी खानापूर-लोंढ्यावरून अनमोडनं गेलो असतो. पावसाळ्यात तोही नको. खरं विचाराल तर जिम्नी घरी ठेवा आणि गोव्यात दुचाकी भाड्यानं घ्या, पण तुम्हाला जिम्नीच न्यायची असेल तर मी अडवणारा कोण.

एक राहिलंच. ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन आहे, त्याचं स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं. तुम्ही एमएच पासिंग घेऊन कोगनोळीला कर्नाटकात शिरणार, पुढं गोव्यात, म्हणजे तीन राज्यांच्या पोलिसांना कागद दाखवायची तयारी पाहिजे. तुमच्या ट्रॅव्हलरच्या पुस्तकात ट्रेलर ओढायला परवानगी नसेल किंवा विमा कंपनीला कळवलं नसेल, तर वरचं सगळं जमवूनही काही घडलं की पैसे तुमच्या खिशातून जातील. मी वेल्डिंगवाला आहे, आरटीओतला माणूस नव्हे. हे आधी विचारून घ्या, आणि मोटरहोमचं काम ज्यांनी केलं त्यांच्याकडून मागच्या ॲक्सलवर आत्ता किती वजन आहे ते लिहून घ्या.

काट्यावर जाऊन आलात की दोन्ही आकडे इथं खाली टाका. उलार आहे की धुरजड, ते मी सांगतो.