ज्ञानेश्वरीचे मोफत ध्वनिपुस्तक दहा-बारा जणांनी मिळून कसे करावे?

तुम्ही विचारले आहे की गट तयार आहे, अर्थ न वाचता फक्त ओव्या वाचायच्या आहेत आणि ध्वनिफिती कुणालाही फुकट मिळाव्यात, तर सुरुवात कुठून करावी. माझे स्पष्ट मत आहे: माइक नंतर, आधी प्रत ठरवा. असे सामूहिक वाचन अडते ते बहुतेक वेळा पाठभेदांमुळे, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींतल्या शब्दांच्या फरकामुळे. आवाजाच्या अडचणी त्यामानाने लवकर सुटतात.

ज्ञानेश्वरी 1290 सालची आहे, त्यामुळे मूळ ग्रंथावर कुणाचाही हक्क नाही. पण तुमच्या घरातल्या पुस्तकातली प्रस्तावना, अर्थ आणि टीपा संपादकाच्या असतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षे हक्क चालतो. सोनोपंत दांडेकर 1968 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या सार्थ ज्ञानेश्वरीतला अर्थ आणि टीपा 2028 अखेरपर्यंत वाचता येणार नाहीत. पुढे गीताई घ्यायचा विचार असेल तर विनोबांचे निधन 1982 चे आहे, हे लक्षात ठेवा. ग्रंथ धार्मिक आहे म्हणून तो आपोआप मोकळा होत नाही.

काम लिब्रिवॉक्सवर करा असे सुचवीन. ह्यू मॅकग्वायर यांनी 2005 मध्ये मॉन्ट्रियलमधून सुरू केलेला हा मोफत ध्वनिपुस्तकांचा स्वयंसेवी प्रकल्प आहे. बायबलच्या कितीतरी पुस्तकांचे वाचन तिथे याच पद्धतीने झाले आहे, प्रत्येक अध्यायाला वेगळा वाचक. फाइली शेवटी इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतल्या ऑनलाइन संग्रहावर जातात, म्हणून अमेरिकेचा नियमही पाळावा लागतो: ढोबळ मानाने, छापील प्रतीला 95 वर्षे होऊन गेलेली असावीत. वि. का. राजवाडे यांची 1909 ची प्रत दोन्ही कसोट्यांवर उतरते, कारण राजवाडे 1926 मध्ये गेले.

पण इथेच एक खरी अडचण आहे. वारकऱ्यांच्या तोंडी असलेला पाठ एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केलेल्या परंपरेतला आहे, आणि राजवाड्यांची प्रत त्या परंपरेतली नाही. शब्दरूपे वेगळी, ओव्यांची संख्याही वेगळी. पारायण करणारा माणूस डोळ्यांनी राजवाडे वाचतो आणि जिभेवर एकनाथी पाठ येतो, तेही त्याच्या नकळत. म्हणून गटात पारायणी मंडळी जास्त असतील तर एकनाथी परंपरेची, पुरेशी जुनी छापील प्रत शोधा. स्कॅनमध्ये शीर्षकपान आणि साल स्पष्ट दिसले पाहिजे. इंटरनेटवरचा टाइप केलेला मजकूर घेऊ नका, तो कोणत्या प्रतीवरून उतरवला हे बहुधा कळत नाही. सगळ्यांनी एकाच स्कॅनची पाने वाचावीत. अक्षर बारीक वाटले तर तीच पाने मोठी करून छापून घ्या.

मग वाटणी. प्रचलित प्रतीत 9,033 ओव्या आहेत. सावकाश वाचनात एका ओवीला 10 ते 12 सेकंद धरा, म्हणजे एकूण ऐकण्याचा वेळ 25 ते 30 तास. अध्यायाला एक फाइल हे गणित जमत नाही, कारण पाचवा अध्याय 180 ओव्यांचा आणि अठरावा अठराशेच्या वर. साधारण 150 ओव्यांचा एक भाग करा. म्हणजे फाइल अर्ध्या तासाच्या आत राहते आणि एकूण साठ-सत्तर भाग होतात. भाग मूळ श्लोकाच्या आधी तोडा, दृष्टान्ताच्या मध्ये कधीही नको. तेराव्या आणि अठराव्या अध्यायांचे भाग आधी वाटून टाका. ते शेवटी ठेवले तर पडून राहतात.

समन्वयक एकच असावा आणि त्याला इंग्रजी वाचता-लिहिता यावे, कारण तिथला व्यवहार इंग्रजीत चालतो. नव्या वाचकाने आधी एक मिनिटाची चाचणी फाइल द्यायची असते. ऐकून तपासणारा वेगळा हवा, आपला भाग आपणच तपासून चालत नाही. तपासणीचे दोन प्रकार आहेत: अर्थ न बदलणारी बारीक चूक सोडून देणारी, आणि शब्दन् शब्द जुळवणारी. इथे दुसरीच निवडा. या ग्रंथात आपली ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवणे, असे एकनाथांनी बजावले आहे. शब्द बदलणाऱ्यालाही तेच लागू धरावे.

वाचनाचे नियम पहिल्याच बैठकीत ठरवा. पारायणाची चाल लावायची नाही, साधे वाचन करायचे. नाहीतर दर अर्ध्या तासाला चाल बदलते आणि ऐकणारा वैतागतो. ओवीचे पहिले तीन चरण सलग, चौथ्या आखूड चरणानंतर छोटा विराम. ओवीक्रमांक वाचायचे की नाही ते एकदाच ठरवा. संस्कृत श्लोकांतले विसर्ग आणि जोडाक्षरे ज्यांना जड जातात त्यांना श्लोकांचे नमुना-वाचन आधी पाठवा. च, ज, झ यांचे दोन उच्चार प्रत्येक प्रदेशात थोडे वेगळे पडतात. शंकेच्या शब्दांची एक यादी सगळ्यांसाठी ठेवा आणि वाद झाला तर समन्वयकाचा शब्द अखेरचा. पार्श्वसंगीत, टाळ, तानपुरा काहीही घालू नका.

ध्वनिमुद्रणाला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. मोनो, 44.1 किलोहर्ट्झ, शेवटी 128 केबीपीएसची एमपी3, आवाजाची पातळी 89 डेसिबलच्या आसपास. ती मोजायला लिब्रिवॉक्सचे चेकर आहे. सुरुवातीला अर्धा ते एक सेकंद शांतता, शेवटी पाच सेकंद. यूएसबी माइक तोंडापासून वीतभर दूर आणि थोडा तिरपा ठेवा, म्हणजे फ, भ, प यांचा फुत्कार थेट त्यावर आदळत नाही. पंखा बंदच हवा. त्याची घरघर नंतर काढायला गेले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, म्हणून नॉइज रिडक्शन 6 ते 12 डेसिबलच्या पुढे नेऊ नका. गाद्या, पुस्तके, कपड्यांचे कपाट असलेली खोली रिकाम्या हॉलपेक्षा कितीतरी चांगली. चूक झाली की एक टाळी वाजवा आणि ओवी पहिल्यापासून वाचा. टाळीचा उंच काटा आलेखात लगेच सापडतो. फक्त चुकलेला शब्द नंतर चिकटवला तर सूर जुळत नाही आणि जोड कानाला कळतो.

प्रत्येक वाचकाला एक गोष्ट आधी नीट सांगा. हे वाचन सार्वजनिक मालकीचे होऊन जाते. कुणी ते विकेल, त्याला संगीत लावेल, जाहिरातींसह चालवेल. त्यावर आक्षेप घेता येणार नाही आणि दिलेली परवानगी मागे घेता येणार नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी वाचू नये, तपासणीचे काम घ्यावे. तेही तितकेच लागते.

भाग घेतल्यावर दोन महिन्यांत फाइल आली नाही तर तो दुसऱ्याला द्यायचा, हेही आधीच सांगितलेले बरे. आणि एमपी3 पाठवली म्हणून ऑडॅसिटीची मूळ फाइल पुसू नका. दुरुस्त्या कधी कधी दोन-चार महिन्यांनी येतात, आणि एमपी3 पुन्हा उघडून पुन्हा एमपी3 केली की दर्जा उतरतो. पूर्ण पुस्तक लिब्रिवॉक्सच्या सूचीत लागेपर्यंत मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवा.