फ्रायर नळाखाली धरू नका

दिवाळीनंतर आणि पुन्हा शिमग्याच्या सुमारास माझ्या टेबलावर घरगुती डीप फ्रायरची रांग लागते. प्रश्न तेच ते, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : दिवाळीपासून फ्रायर तसाच ठेवलाय. आतला थर डिंकासारखा झालाय, साबणाला दाद देत नाही.

चार महिन्यांनी कसा देईल? तापून आणि हवा लागून तेलाचं वार्निश झालंय. तेल काढा, कागदानं पुसा. खालच्या खुणेच्या वर पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीनच थेंब घाला. जास्त झाले तर फेस ओट्यावर उतू येतो. पाणी उकळीला आलं की बंद करा, प्लग काढा, अर्धा तास ठेवा. कोमट झाल्यावर मऊ स्पंजनं घासा. तारेची घासणी नको. फ्रायरमध्ये पाणी तापवायचं नाही असं पुस्तिकेत असेल, तर बाहेर तापवून ओता.

प्रश्न : सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून चकाचक होतं म्हणे?

व्हिडिओत होतं. दोघं एकमेकांना मारतात, उरतं खारट पाणी. नुसत्या खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट लावा.

प्रश्न : भाच्यानं अख्खा फ्रायर नळाखाली धुतला. दोन दिवस उन्हात वाळवला, तरी लावला की घरातली वीज जाते. काय करू?

पुन्हा लावू नका. वीज जाते म्हणजे विजेची गळती पकडणारा स्विच आपलं काम करतोय. तो चिकटपट्टीनं दाबून धरणारे महाभाग मी पाहिलेत! कॉइलच्या नळीत तारेभोवती पांढरी भुकटी भरलेली असते. टोकाचं सील फुटलं की ती ओल धरते, आणि बाहेरून खडखडीत वाळलेली कॉइल आतून ओलीच राहते. गेल्या आठवड्यात एक फ्रायर उघडला, तर तांब्याच्या टोकांवर हिरवी बुरशी चढावी तसा गंज. मालक म्हणाले, ‘वरून फक्त पाणी सोडलं होतं.’ कॉइलशेजारी थर्मोस्टॅटची बारीक नळी असते, घासताना तीही वाकते. मग तेल नको तितकं तापतं आणि पेट घेऊ शकतं. कंट्रोल असलेला भाग फक्त पिळलेल्या फडक्यानं पुसायचा, बस्स. तुमचा फ्रायर मेकॅनिककडे न्या आणि मेगरवर, म्हणजे आतून वीज गळते का ते दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासून द्यायला सांगा. ‘हेअर ड्रायर मारा, होईल’ असं म्हणणारा मेकॅनिक बदला.

प्रश्न : ‘शंभर टक्के नैसर्गिक’ क्लीनरनं ॲल्युमिनियमचं भांडं काळं पडलं.

पुढची अक्षरं मोठी, मागची मुंगीएवढी. मागे कॉस्टिक सोडा लिहिलाय का बघा. ॲल्युमिनियमला तो खातो, हातालाही. भांड्याला खड्डे पडले असतील तर वापरू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा.

प्रश्न : जुनं तेल सिंकमध्ये ओतलं तर चालेल?

नाही.

प्रश्न : फ्रायर डिशवॉशरमध्ये धुतला तर?

जाळीची टोपली बहुधा चालते, कॉइल-कंट्रोल कधीच नाही. तरी आधी पुस्तिका बघा.