वाचकांचे प्रश्न : टू-स्ट्रोक होडीला कुठलं ऑईल?

प्रश्न : पर्यटकांना फिरवायला फायबरची होडी आहे. ४० अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन आहे. पेट्रोलमध्ये मोटारसायकलच्या दुकानातलं टू-टी ऑईल घालतो. डब्यावर ‘एफडी’ लिहिलंय, म्हणजे सर्वांत वरचा दर्जा, असं दुकानदार सांगतो. तरी महिना-दीड महिन्यात प्लग काळे पडतात आणि एक सिलिंडर मिसिंग करतो. ऑईल बदलू की कार्बोरेटर खोलू? (देवबाग, ता. मालवण)

उत्तर : आधी ऑईल बदला. दुकानदार खोटं सांगत नाही. एफबी, एफसी, एफडी हे जपानी ‘जासो’ मानकाचे दर्जे आहेत आणि त्यांत एफडी वरचाच. पण ते हवेने थंड होणाऱ्या, खूप तापणाऱ्या इंजिनांसाठी ठरवलेत. त्या उष्णतेत पिस्टन स्वच्छ राहावा म्हणून या तेलांत धातूयुक्त, बहुधा कॅल्शियमची, द्रव्यं घालतात. ती जळली की राख उरते. गाडीत ती फारशी त्रास देत नाही.

होडीचं इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड होतं. थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतो, म्हणजे गाडीच्या मानाने ते थंडगारच चालतं. शिवाय त्याला उतार कधी मिळत नाही. पंखा पाणी कापत असतो तोवर भार कायम असतो. अशा ठिकाणी राख प्लगच्या टोकांमध्ये साचून ठिणगी पडू देत नाही, ते तुमचं मिसिंग. पिस्टनच्या डोक्यावर साचलेली राख लाल तापली तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. प्लग काळा पडला तेवढ्यावर थांबलंय, हे नशीब समजा.

तुम्हाला हवं ते टीसी-डब्ल्यू३. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं हे मानक पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठी आहे. यातली सफाईची द्रव्यं राख न ठेवणारी असतात, आणि गंज रोखण्याची क्षमताही तपासलेली असते. खाऱ्या हवेत ती कामाची आहे. लेबलवर ही अक्षरं बघा आणि शेजारी ‘आरएल’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा. नुसतं ‘मरीन’ किंवा ‘आऊटबोर्डसाठी योग्य’ यावर जाऊ नका. एफसी-डब्ल्यू लिहिलेला डबा आणलात तर तो फोर-स्ट्रोकचा, तो परत करा.

टाकीतलं जुनं मिश्रण काढून नव्या ऑईलचं भरा, प्लग नवे बसवा आणि १५-२० तास चालवून पुन्हा काढून बघा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर झालं. अजून ओलं-काळं असेल तर मग कार्बोरेटर खोला. डॉल्फिन दिसले की होडी बराच वेळ मंद चालीवर ठेवता ना? त्यानेही प्लग माखतात. परतीच्या वाटेवर भार सोसेल तशी चार-पाच मिनिटं पूर्ण गती द्या. टोक पांढरंफटक दिसलं तर मात्र इंजिन तापतंय. तेव्हा मागून पडणारी पाण्याची धार आणि पंपाचं इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी चाक) आधी तपासायचं.

प्रश्न : पेट्रोल आणि ऑईलचं प्रमाण एक मेकॅनिक २५:१ सांगतो, दुसरा ५०:१, आणि शेजाऱ्याच्या इंजिनाच्या पुस्तकात १००:१ आहे. नक्की किती? (हर्णै)

उत्तर : तिघेही कुठल्या ना कुठल्या इंजिनाबद्दल बरोबर असतील. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात किंवा झाकणावरच्या पट्टीवर जे असेल तेच धरा. पुस्तक हरवलं असेल आणि इंजिन अलीकडच्या बांधणीचं असेल, तर टीसी-डब्ल्यू३ बरोबर ५०:१ हे प्रमाण बिनधोक. २५:१ हे फार जुन्या, बुश बेअरिंगच्या इंजिनांना लागतं, किंवा ५०:१ च्या नव्या इंजिनाच्या सुरुवातीच्या १० तासांपुरतं.

मापं अशी : २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली, १००:१ म्हणजे १० मिली. २४ लिटरच्या टाकीला ५०:१ ने ४८० मिली. खुणा असलेला मापाचा प्याला वापरा. बाटलीच्या बुचाने मोजण्याची पद्धत बंदरावर सर्रास दिसते, पण प्रत्येक बाटलीचं बूच वेगळं.

‘थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं’ हा समज इंजिनाला महाग पडतो. कार्बोरेटरच्या जेटमधून ठराविकच द्रव जातो. त्यात ऑईल वाढलं तितकं पेट्रोल कमी झालं, म्हणजे हवेच्या मानाने मिश्रण पातळ. त्यातून धूर, काजळी, धूर बाहेर जाण्याच्या पोर्टात कार्बन आणि रिंगा चिकटणं. कमी पडलं तर पिस्टनवर रेघा उठून इंजिन सीझ होतं, हे सांगायला नकोच.

मिसळताना आधी टाकीत निम्मं पेट्रोल, मग सगळं ऑईल, झाकण लावून जोरात हलवा, आणि मग उरलेलं पेट्रोल. टाकी होडीत नव्हे, धक्क्यावर उतरवून भरा. ऑईलची वेगळी टाकी आणि पंप असलेल्या इंजिनाला पेट्रोल कोरं भरायचं. नवं इंजिन रुळण्याच्या (रनिंग-इनच्या) काळात काय करायचं ते पुस्तकात असतं.

प्रश्न : ऑईल मिसळलेलं पेट्रोल आठवडाभर टाकीत राहिलं. इंजिन सुरू झालं, पण पाच मिनिटांत जड होऊन बंद पडलं. ऑईल बरोबर मोजलं होतं. (रेवदंडा)

उत्तर : टाकीच्या तळातलं अर्धा पेला मिश्रण स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा आणि १५ मिनिटं न हलवता ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर कारण सापडलं.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ओली नरसाळी, उघडा राहिलेला हवेचा स्क्रू, टाकीवर उडालेली लाट यांतून पाणी शिरतं. थोडं असेल तोवर ते विरघळून राहतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. २५ लिटरच्या टाकीत ५ लिटर इथेनॉल असतं, म्हणजे तळाचा थर लहान नसतो. ऑईल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, आणि इंजिनाची नळी ओढते तळातून. म्हणजे इंजिनाला ऑईल नसलेलं, पाणीमिश्रित इथेनॉल मिळतं. तुमच्या इंजिनाने ‘जड’ होऊन इशारा दिला. पुन्हा सुरू करायच्या आधी प्लग काढून दोरीने हळू फिरवून बघा. अडखळलं तर सिलिंडर तपासून घ्या.

असं मिश्रण हलवून पुन्हा वापरू नका, ते पुन्हा बसतं. खाडीतही ओतू नका. यापुढे दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच मिसळा, टाकी उभी असताना हवेचा स्क्रू बंद करा, आणि टाकी ते इंजिन या नळीत पारदर्शक वाटीचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. रबरी नळ्या आणि हातपंपाचा बल्बही दाबून बघा. जास्त इथेनॉलने जुनं रबर फुगून चिकट होतं.

प्रश्न : दोन कंपन्यांचं ऑईल एकत्र चालेल का? आणि २०डब्ल्यू-४० शिल्लक आहे, ते अडचणीला? (देवगड)

उत्तर : दोन्ही टीसी-डब्ल्यू३ असतील तर चालेल. २०डब्ल्यू-४० कधीच नको. ते फोर-स्ट्रोकच्या तळात राहण्यासाठी बनवलेलं आहे, जळण्यासाठी नव्हे.

प्रश्न : पावसाळी बंदीच्या काळात इंजिन शेडमध्ये ठेवतो. उघडताना दर वर्षी दोरी ओढली जात नाही. (दाभोळ)

उत्तर : सिलिंडरच्या भिंतींवर गंज येतो. शेवटच्या फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्यावर १० मिनिटं चालवा. कोरडं मात्र काही सेकंदही नको, इम्पेलरचं रबर जळतं. मग पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, टीसी-डब्ल्यू३ ओता, दोरीने चार-पाच वेळा फिरवा आणि प्लग परत बसवा. इंजिन उभंच ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. दर पंधरवड्याला एकदा हाताने फिरवा.

गिअरचं ऑईलही तेव्हाच बदला, नव्या हंगामाच्या तोंडावर बघू असं म्हणून पुढे ढकलू नका. खालचा बोल्ट आधी काढून ते पांढरट, दुधासारखं आलं तर पंख्याच्या शाफ्टचं सील गेलंय, आणि पाणी तसंच आत राहिलं तर दोन महिन्यांत बेअरिंग गंजतात. नवं ऑईल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरचा बोल्ट आधी आवळा, मग खालचा, दोन्हींना नवे वॉशर घालून.